जुनी इलेक्ट्रिक गिटार निवडताना : वाजवणाऱ्यासाठी मार्गदर्शक

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या आत दोघे जण बसलेले असतात. एकाला ती वाजवायची असते, दुसऱ्याला ती जशीच्या तशी जपायची असते. जपणाऱ्याला मूळचा स्क्रू, मूळचा रंग आणि मूळची पेटी हवी असते. वाजवणाऱ्याला सरळ नेक (गिटारची लांब मान), नीट बसलेले फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि अँपमधून निघणारा आवाज हवा असतो. या दोघांच्या मागण्या बऱ्याचदा एकमेकींच्या आड येतात, आणि बाजारातील किंमत मात्र जवळजवळ नेहमीच जपणाऱ्याच्या बाजूने ठरते. हा लेख वाजवणाऱ्यासाठी आहे. ज्याने आजवर नवीच गिटार वाजवली आणि आता जुन्या वाद्याकडे वळावे असे ज्याला वाटू लागले आहे, त्याने काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कशाकडे खुशाल डोळेझाक करावी, ते पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी : कालखंड ओळखा

‘व्हिंटेज’ हा शब्द विक्रेते सैल हाताने वापरतात, म्हणून आधी काही सनावळी डोक्यात बसलेली बरी. लिओ फेंडर यांच्या कंपनीची ब्रॉडकास्टर १९५० मध्ये आली. ग्रेच कंपनीचे ड्रम्स याच उच्चाराच्या नावाने विकले जात असल्यामुळे हरकत निघाली आणि १९५१ मध्ये तीच गिटार टेलिकास्टर झाली. मधल्या काही महिन्यांत डोक्यावरच्या (खुंट्या असतात त्या टोकावरच्या) शिक्क्यातील मॉडेलचे नाव कापून टाकून ज्या गिटारी बाहेर पडल्या, त्यांना आज ‘नोकास्टर’ म्हणतात. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची, गिब्सनची अर्धपोकळ ईएस-३३५ ही १९५८ ची. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी विकत घेतली, आणि तेव्हापासून ‘प्री-सीबीएस’ (त्या खरेदीपूर्वीची) हा शब्द किमतीला गुणणाऱ्या आकड्यासारखा वापरला जातो. लेस पॉलच्या बाबतीत सर्वांत मोठा भाव १९५८ ते १९६० या काळातील सनबर्स्ट रंगाच्या स्टँडर्डला आहे. १९६१ मध्ये त्या मॉडेलचा आकारच बदलला आणि आज आपण जिला एसजी म्हणतो ती दोन शिंगांची, पातळ अंगाची गिटार आली.

या तारखा पाठ करण्याचा उपयोग इतकाच, की कोणत्या वर्षी कोणता भाग असायला हवा हे कळते. १९७१ च्या अखेरीपासून सुमारे दशकभराच्या स्ट्रॅटवर (स्ट्रॅटोकास्टरवर) नेक धरणारे स्क्रू चारऐवजी तीन असतात. १९७० पासून गिब्सनच्या डोक्यामागे ‘मेड इन यूएसए’ असा ठसा दिसतो. त्यामुळे १९६५ ची म्हणून दाखवलेल्या गिब्सनवर तो ठसा असेल, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवता येते.

दुसरी पायरी : आकर्षण नेमके कशात आहे, ते समजून घ्या

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण वीज उपजते आणि तीच अँपमध्ये मोठी होते. वेढे किती, ते घट्ट की सैल, एकसारखे की अस्ताव्यस्त, यावर आवाजाचा पोत ठरतो. त्या काळी फेंडरकडे तार हाताने दिशा देत गुंडाळली जाई, आणि गिब्सनकडे यंत्र केव्हा थांबवायचे ते चालवणाऱ्याच्या अंदाजावर असे. म्हणून एकाच महिन्यात बनलेले दोन पिकअप सारखे निघतीलच असे नाही.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याने घडवलेला हमबकर. साध्या एकेरी कॉइलचा (तारेच्या एकाच गुंडाळीचा) पिकअप घरातल्या विजेची घरघरही पकडतो. लव्हरने दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एकीचा चुंबकीय ध्रुव आणि वेढ्यांची दिशा उलटी केली. तारेचा आवाज दोन्हींतून जुळून येतो आणि घरघर मात्र एकमेकींना खोडून टाकते. १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींवर हे पिकअप बसू लागले. त्यांच्या तळाशी ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असे, म्हणून लोक त्यांना ‘पीएएफ’ म्हणतात. त्यांतील दोन कॉइलचे वेढे बऱ्याचदा कमीजास्त असतात; घरघर पूर्णपणे मरत नाही, पण वरच्या सुरांत जी उघडी, किंचित खरखरीत चमक येते, ती याच विषमतेची देणगी आहे. म्हणजे ज्याला कारखान्याच्या हिशेबाने चूक म्हणावे, त्यालाच आज लोक पैसे मोजतात.

दुसरे आकर्षण हाताला कळणारे आहे. पन्नास-साठ वर्षे वाजलेल्या नेकच्या कडा गोल झालेल्या असतात, लॅकर झिजून लाकूड उघडे पडलेले असते आणि तळहात चिकटत नाही. त्या काळचा नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ असे आणि वयाबरोबर आणखी पातळ होई. साठच्या दशकाच्या अखेरीस फेंडरने वापरात आणलेला जाड पॉलिएस्टरचा थर हाताला काचेसारखा लागतो. लाकूड वाळून ‘उघडते’ आणि म्हणून आवाज गोड होतो, असेही सांगितले जाते. भरीव लाकडाच्या गिटारीबाबत या म्हणण्यावर मी फारसा भर देत नाही. पिकअप, नेक आणि मांडणी (तारांची उंची, नेकचा बाक वगैरेंची जुळणी) यांनी जे समजावता येते त्यासाठी लाकडाच्या वयाकडे जावे लागत नाही.

तिसरी पायरी : हातात घ्या, पण अँपला जोडू नका

जुनी गिटार दाखवणारा माणूस बहुधा अँप आधीच चालू करून ठेवतो. ते नम्रपणे बंद करायला सांगावे. पंधरा-वीस मिनिटे ती कोरडीच वाजवावी, कारण अँपचा आवाज नेकचे दोष झाकतो.

आधी नेकची जाडी. पन्नाशीच्या दशकातील लेस पॉलची नेक मुठीत भरते, १९६० ची सडपातळ आहे. १९५५ ते १९५७ च्या आसपासच्या अनेक फेंडर नेकची पाठ ‘व्ही’ अक्षरासारखी आहे. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, हात कोणाचा आहे एवढाच प्रश्न आहे. पुढे फ्रेटबोर्डची, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीची, गोलाई. जुन्या फेंडरची त्रिज्या ७.२५ इंच असते, म्हणजे पट्टी बरीच गोल. सूर धरायला ती आरामशीर, पण तारा खूप खाली आणून वरच्या फ्रेटवर तार ताणली की सूर मध्येच गुदमरतो. गिब्सनची पट्टी १२ इंच त्रिज्येची, म्हणून अधिक सपाट. तारेची लांबीही वेगळी : फेंडर २५.५ इंच, गिब्सन सुमारे २४.७५ इंच. पाऊण इंचाचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण त्याच जाडीच्या तारा गिब्सनवर मऊ लागतात आणि फेंडरवर कडक, झणझणीत वाजतात. नव्या गिटारीवरून येणाऱ्याने प्रत्येक फ्रेटवर पहिली तार पूर्ण एक सूर ताणून पाहावी आणि कुठे आवाज मरतो ते लक्षात ठेवावे.

आता गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून नेकच्या कडेने पाहावे. तारांच्या ओढीने नेकला किंचित पुढे बाक असणे चांगलेच. पण दोन्ही कडा वेगवेगळ्या दिशेने वळलेल्या दिसल्या, म्हणजे नेक पिळली गेली असेल, तर ती गिटार खाली ठेवावी. पीळ काढणे खर्चाचे आहे आणि तो पूर्ण निघेलच असे नाही.

ट्रस रॉडबाबत (नेकच्या आतली, तिचा बाक जुळवणारी धातूची दांडी) मला एकदा ठेच लागली आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. सत्तरच्या दशकातील एक गिटार मी विक्रेत्याच्या “जरासं फिरवलं की बसेल” या शब्दावर घेतली. घरी येऊन रॉडचा नट फिरवायला गेलो, तर तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता. नेक तरीही पुढे वाकलेली. शेवटी फ्रेट उपसून पट्टी रंधावी लागली. गिब्सनमध्ये हा नट डोक्यावरच्या घंटेच्या आकाराच्या झाकणाखाली असतो आणि दोन स्क्रू काढले की दिसतो. जुन्या फेंडरमध्ये तो नेकच्या बुडाशी असतो, म्हणून तो पाहायला नेक सोडवावीच लागते. विक्रेता त्याला तयार नसेल, तर सौदा पुढे ढकलावा.

तारा डोक्याकडे जाताना ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिलाही नट म्हणतात; गिब्सन घेताना तिच्या मागची जागा बोटाने चाचपावी. तिथे डोके मागे कललेले असते आणि ट्रस रॉडच्या खाचेमुळे नेमके त्याच ठिकाणी लाकूड कमी झालेले असते. गिटार पाठीवर पडली की तडा तिथेच जातो. नख आडवे फिरवले की केसाएवढी उंचवट्याची रेघही लागते. गंमत अशी, की नीट चिकटवलेला हा तडा वाजवण्यात काहीच आडवा येत नाही, पण किंमत खूप खाली आणतो. जुन्या गिब्सनचा आवाज कमी पैशांत हवा असेल, तर डोके जोडलेली गिटार हा माझ्या मते सर्वांत शहाणा सौदा आहे.

चौथी पायरी : आता अँप लावा

स्वच्छ आवाजात, टोन पूर्ण उघडा ठेवून, प्रत्येक पिकअप स्वतंत्र ऐकावा. मग व्हॉल्यूम हळूहळू खाली आणावा. चांगल्या जुन्या गिटारीत आवाज कमी होताना स्वच्छ होत जातो आणि अँपची खरखर हातानेच आवरता येते. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या गुंडीखालचा भाग) फिरवताना येणारा कुरकुर आवाज ही घाण असते, दोष नव्हे.

नव्या गिटारीची सवय असलेल्याला येथे काही गोष्टी चकवतात. १९७७ पूर्वीच्या स्ट्रॅटवर पिकअप निवडण्याचा खटका तीनच जागांचा आहे. दोन पिकअपमधला तो नाकातला, पोकळ आवाज त्या काळचे वादक खटका दोन खाचांमध्ये अडकवून काढत; म्हणूनच बहुतेक जुन्या स्ट्रॅटवर मागाहून पाच जागांचा खटका बसवलेला सापडतो. आजच्या अनेक स्ट्रॅटवर या मधल्या जागी घरघर बंद होते, जुन्यांवर होत नाही, कारण मधला पिकअप उलट गुंडाळलेला नसे. १९५२ ते १९६७ या काळातील टेलिकास्टरमध्ये खटक्याची एक जागा अगदी मंद, दाबलेला आवाज देते आणि दोन्ही पिकअप एकत्र वाजवणारी जागाच नसते. हे ऐकून वायरिंग बिघडले आहे असे समजू नये. १९५२ च्या पहिल्या लेस पॉलची तऱ्हा तर आणखी वेगळी : नेकचा कोन कमी असल्याने तारा ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या भागाच्या) दांडीखालून जातात आणि तळहाताने त्या दाबून वाजवणे जवळजवळ अशक्य होते. ती गिटार पाहायला सुंदर आहे. वाजवणाऱ्याने १९५३ च्या अखेरीनंतरची शोधावी.

सोबत एक साधा मल्टिमीटर ठेवावा. गिटारला केबल जोडून दुसऱ्या टोकाच्या दोन भागांना मीटरच्या काड्या लावाव्यात, व्हॉल्यूम पूर्ण उघडावा आणि एकेक पिकअप निवडावा. जुन्या स्ट्रॅटचा पिकअप साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम दाखवतो, पीएएफ साधारण ७ ते ९. स्ट्रॅटवर २५० किलोओहमच्या आसपास आकडा आला, तर तो पिकअपचा नसून व्हॉल्यूमच्या पॉटचा आहे आणि पिकअपची तार आत कुठेतरी तुटली आहे, असे समजावे.

पाचवी पायरी : उघडून पाहा

विक्रेता बोलतो ते आणि पिकगार्डखाली (अंगावरच्या संरक्षक पट्टीखाली) जे लिहिलेले असते ते जुळते का, हे पाहण्याची ही जागा. फेंडरच्या नेकचे स्क्रू काढले की बुडाच्या टोकावर पेन्सिलने किंवा शिक्क्याने टाकलेली तारीख मिळू शकते. फिकट मेपलवर, साठ वर्षे प्रकाश न पाहिलेल्या जागी उमटलेला महिना आणि वर्ष पाहिले, की कुणीतरी बाकावर बसून शेकडो नेकमधली ही एक बाजूला ठेवताना ते खरडले होते, हे अगदी जवळून जाणवते.

पॉटच्या पाठीवर कोरलेला अंक याहून बोलका असतो. समजा, तिथे १३७६६३३ असे आहे. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस. ३०४ असते तर स्टॅकपोल. पुढचे ६६ म्हणजे १९६६ आणि शेवटचे ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. यावरून गिटार त्याआधीची नाही एवढेच सिद्ध होते; नंतरची असू शकते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची काही वर्षे पुरला, म्हणून १९६८ च्या गिटारीत १९६६ चा पॉट असणे अगदी स्वाभाविक आहे. उलट १९६३ च्या म्हणून दाखवलेल्या गिटारीत हा पॉट असेल, तर निदान पॉट तरी बदललेला आहे.

क्रमांकांवर मात्र फार विसंबू नये. गिब्सनचे साठच्या दशकातील क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत आणि एकच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारींवर सापडतो. १९७७ पासूनची आठ अंकी पद्धत सुटसुटीत आहे : पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, दुसरा ते चौथा मिळून वर्षातील दिवस. फेंडरचा क्रमांक पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत नेकच्या पत्र्यावर (नेक धरणाऱ्या स्क्रूंखालच्या) असे, आणि पत्रा चार स्क्रू काढून कुठल्याही गिटारीवर बसवता येतो.

सोल्डर पाहावा. जुना सोल्डर मंद राखाडी, सावकाश पसरलेला असतो. चकचकीत, ताजा थेंब म्हणजे कुणीतरी अलीकडे हात घातला आहे. पन्नाशी-साठीच्या फेंडरमध्ये वायरवर कापडी वेष्टण असे, त्या जागी प्लास्टिकची वायर दिसली तर कारण विचारावे. शेवटी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा फिरवावा. जुना नायट्रो लॅकर हिरवट-पिवळसर झळकतो, आणि मागाहून फवारलेला भाग डागासारखा वेगळा उठून दिसतो. नेकच्या खाचेत आणि ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या दांडीच्या यंत्रणेच्या) पोकळीत मूळ रंगाचा अवशेष बहुधा राहतोच.

सहावी पायरी : काय माफ करायचे ते ठरवा

आता आतल्या दोघांपैकी वाजवणाऱ्याला बोलू द्यावे. पुन्हा रंगवलेली गिटार मूळ रंगाच्या गिटारीच्या साधारण निम्म्या किमतीला जाते, आणि वाजण्यात तिच्यात काही उणे नसते. बदललेले फ्रेट तर वरदानच समजावे : ज्या गिटारीचे फ्रेट कुणी कधी बदललेच नाहीत, ती एक तर फारशी वाजलेली नाही, किंवा आता तुमच्या खर्चाने बदलावी लागणार आहे. बदललेल्या खुंट्या, तारांचा नवा नट, नवा खटका, हेही चालते. न चालणाऱ्या गोष्टी तीन : पिळलेली नेक, शेवटपर्यंत आवळलेला ट्रस रॉड आणि नवे पिकअप बसवण्यासाठी लाकडात मागाहून खोदलेला खड्डा. शेवटची गोष्ट आवाजाला फारशी मारक नसते, पण विकताना तुमच्या गळ्यात राहते.

मूळ पिकअप हा वेगळा विषय आहे. पीएएफ बाहेर काढून सुटे विकले जातात आणि जागी दुसरे बसवले जातात. त्यामुळे पिकअप बदललेले असतील तर गिटार वाईट ठरत नाही, पण तिची किंमत मूळ पिकअपच्या हिशेबाने लावलेली नसावी.

फार प्रसिद्ध नावांच्या आजूबाजूलाही चांगले पर्याय आहेत. फेंडरची १९५८ ची जॅझमास्टर, २४ इंच तारेची १९६२ ची जॅग्वार आणि १९६४ ची मस्टँग या बराच काळ दुर्लक्षित राहिल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानमध्ये टोकाई आणि ग्रेको यांनी काढलेल्या प्रतिकृती आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या फेंडर जपानच्या गिटारी आज स्वतःच जुन्या झाल्या आहेत, आणि त्यांतील कारागिरी अनेकदा त्याच वर्षांच्या अमेरिकी गिटारींपेक्षा सरस आहे.

सीमेपलीकडून गिटार मागवणार असाल, तर फ्रेटबोर्डचे लाकूड विचारा. साठीच्या दशकातील अनेक पट्ट्या ब्राझिलियन रोजवुडच्या आहेत आणि १९९२ पासून ते लाकूड साइट्स कराराच्या (धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. इतर रोजवुडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, या लाकडाला मिळाली नाही. कागदपत्रांशिवाय पाठवलेली गिटार जकातीत अडकू शकते.

सातवी पायरी : घरी आणल्यावर

तारांखेरीज आठवडाभर काहीही बदलू नका. जुन्या तारा काढून तुमच्या सवयीच्या जाडीच्या लावा, गिटारला खोलीच्या हवेत स्थिरावू द्या आणि मगच ट्रस रॉडला पाव फेऱ्याहून अधिक हात न लावता मांडणी जुळवा. थंड जागेतून आणलेली पेटी लगेच उघडू नका. तापमानाच्या धक्क्याने नायट्रोला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. काही स्टँडच्या रबरी कडांशीही हा लॅकर भांडतो आणि जिथे टेकतो तिथे चिकट होतो, म्हणून त्या कडांवर सुती कापड गुंडाळा. पुसायला कोरडे मऊ कापड पुरते. स्पिरिट लावले की लॅकरच निघून येतो. १९५९ ते १९६४ च्या स्ट्रॅटवरचा हिरवट झाक आलेला सेल्युलॉइडचा पिकगार्ड आकसतो आणि स्क्रूभोवती तडकतो, तेव्हा त्याचे स्क्रू पिळून आवळू नयेत.

खटका, पॉट, ब्रिज, खुंट्या, जे काही वाजवण्यासाठी बदलाल, ते मूळ भाग एका पाकिटात घालून, वर कोणता भाग आणि कधी काढला ते लिहून, पेटीच्या खणात ठेवा. त्या पाकिटात नेक काढली तेव्हा टिपलेल्या तारखेचे आणि पॉटच्या अंकांचे छायाचित्रही असू द्या, म्हणजे पुन्हा पाहायचे म्हणून नेक सोडवण्याची वेळ येणार नाही.